दिवा काही विझेना

मास्तरांनी सबंध आयुष्यात चाक फिरवलं ते शिलाईच्या मशीनचं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. राहत्या दोन खोल्यांच्या खाली त्यांचं अरुंद दुकान होतं, आत दोन मशीनं, एक साध्या कापडासाठी आणि एक जाड कापडासाठी. नवे कपडे शिवायला हल्ली कोणी येत नसे. लोक तयार कपडे आणत आणि ते अंगाला बसत नाहीत म्हणून मास्तरांकडे येत. "कपडे कारखान्यात एकाच मापाचे होतात, माणसं मात्र अजून घरोघरी होतात," असं मास्तर म्हणत, आणि त्यावरच त्यांचं पोट चाले.

गाडी चालवायची ती त्यांच्या बायकोनं. धुलाईच्या कारखान्याची व्हॅन ती वर्षानुवर्षं चालवत होती. हॉटेलांतल्या आणि इस्पितळांतल्या चादरींची बोचकी उचलायची, धुतलेली पोचवायची. गावातला एकही बोळ असा नव्हता की ज्यात तिनं ती अवजड व्हॅन उलटी घातली नाही. स्वतःची म्हणून एक जुनी राखाडी गाडी तिनं घेतली होती, तिला क्लच नव्हता. दिवसभर क्लच दाबून पाय आंबायचा, निदान आपल्या गाडीत तरी पायाला सुट्टी, असा तिचा हिशेब. मास्तर शेजारी बसत आणि झोपत. लहानपणी भिंतीवरून पडल्यापासून त्यांचा डावा गुडघा पुरता वाकत नसे, त्यामुळे गाडी शिकण्याचा विषय कधी निघालाच नाही. घरात सुई मास्तरांची आणि चाक बाईंचं अशी वाटणी होती, आणि ती दोघांनाही मानवली होती.

मग एके दिवशी बाई म्हणाल्या, "अहो, हा समोरचा विजेचा खांब वाकलाय का?"

खांब सुतासारखा सरळ होता. पुढं दाराच्या चौकटी वाकल्या, रस्त्यावरचे पट्टे वाकले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याच्या मधोमध झीज झालीय. कडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे बघाल तेच दिसणार नाही. तसंच झालं. बाई मास्तरांच्या तोंडाकडे बघत तेव्हा त्यांना मास्तरांचे दोन कान दिसत आणि मध्ये धुकं. तोंड बघायचं तर खिडकीकडे बघावं लागे. "लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी तुमच्याकडे चोरून बघायला लागलेय," असं त्या एकदा म्हणाल्या आणि हसल्या. मास्तरांना हसू आलं नाही.

लायसन्स त्यांनी आपण होऊन परत केलं. कोणी मागायला आलं नव्हतं. खिडकीपलीकडच्या कारकुनानं विचारलं, "हरवलं का?" त्या म्हणाल्या, "नाही, संपलं."

डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागे. त्यानं गेलेलं परत येत नसे, पण उरलेलं टिकेल अशी आशा होती. इस्पितळ दुसऱ्या शहरात, आणि वाटेत एका उघड्या थांब्यावर बस बदलायची. एकदा त्या थांब्यावर मास्तर पाण्याची बाटली आणायला गेले. तेवढ्यात एका भल्या माणसानं बाईंचा दंड धरला आणि "चला आजी, तुमची बस आली," म्हणत त्यांना भलत्याच बसमध्ये बसवून दिलं. बाईंनी दोनदा सांगितलं की माझी बस ही नव्हे. पण परोपकार करायचा ठरवलेला माणूस समोरच्याचं कधी ऐकतो? मास्तर बाटली घेऊन आले तर बाक रिकामा. ते त्या थांब्यावर लंगडत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाका मारत फिरले. नाव घेऊन बायकोला हाक मारायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते "अगं, अगं" असंच ओरडत होते आणि निम्मा थांबा वळून बघत होता.

बाई सापडल्या पुढच्या गावात, तिथं थांबलेल्या त्या बसमध्ये. ड्रायव्हरच्या मागच्या खुर्चीवर ताठ बसून राहिल्या होत्या. घरी आल्यावर जिना चढताना म्हणाल्या, "माझा दंड धरला त्यानं. बोचकं उचलावं तसा."

त्या आठवड्यात मास्तरांनी शिकाऊ लायसन्स काढलं. वय साठीला टेकलेलं.

शिकवायला आला तो बाईंचा धाकटा भाऊ. त्याला सगळे पान्या म्हणत. लहानपणी घरातली प्रत्येक वस्तू त्यानं पाना लावून उघडली होती, त्यावरून पडलेलं नाव. आता रेल्वे फाटकापलीकडे त्याचं गॅरेज होतं. त्याला स्वतःला गाडी शिकवली होती ती ताईनं, आणि तिच्या बाबतीत तो जरा हळवाच होता. दर रविवारी सकाळी तो मास्तरांच्या शेजारी बसे आणि बाई मागच्या सीटवर.

"दाजी, ब्रेक दाबायचा, त्याच्यावर उभं नाही राहायचं."

"मशीनचं पायडल असंच दाबतात."

"मशीनला मागून ट्रक येऊन धडकत नाही."

मागून बाई डोळे मिटून ऐकत. त्यांना दिसत नसलं तरी गाडी त्यांच्या अंगाला कळे. "वळणावर उशिरा सोडलात," त्या म्हणत. किंवा, "आता बरोबर. असंच." हे "असंच" ऐकायला मास्तर आठवडाभर वाट बघत. हळूहळू ते बरे चालवू लागले. घाबरट माणूस नियम पाळतो, आणि मास्तर तर जन्माचे घाबरट. परीक्षेची तारीख घेतली.

आणि नेमका त्याच सुमारास समोरच्या काचेखाली, वेगाच्या काट्याशेजारी, इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही हात वर केले, जणू कोणी पिस्तूल रोखलंय.

"काही नाही हो दाजी," पान्या म्हणाला. "पिवळा आहे, लाल नाही. गाडी म्हणतेय, कधीतरी माझ्याकडे बघा."

गॅरेजमध्ये त्यानं स्टिअरिंगखालच्या भोकात एका हातभर वायरीचं यंत्र खुपसलं. यंत्रावर एक आकडा आला. पान्यानं समजावून सांगितलं की गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो, तो सगळीकडून खबर घेत असतो. धूर बाहेर जातो त्या नळीत एक जाळी असते, धूर स्वच्छ करणारी. तिच्या पुढं आणि मागं एकेक सेन्सर असतो, नाकासारखा वास घेणारा. मागचं नाक म्हणतंय की धूर स्वच्छ होत नाहीये. "नाकच म्हातारं झालं असेल. बदलून टाकू."

नाक बदललं. पान्यानं यंत्रावरचं बटण दाबून आकडा पुसला. दिवा गेला. मास्तर दोन दिवस आनंदात होते. तिसऱ्या दिवशी, बाजाराच्या कोपऱ्यावर, ये रे माझ्या मागल्या.

मग पान्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण बदललं, कारण सैल झाकणानंही असा दिवा लागतो. मग धुराच्या नळीच्या सांध्यातून हवा शिरतेय असं त्याला वाटलं, म्हणून सांध्यात बसणारी गॅस्केटची चकती नवी टाकली. मग एक वायर नळीला घासून सोललेली सापडली. तेव्हा तर त्यानं मास्तरांना दुकानातून बोलावून नेलं आणि ती वायर बोटावर धरून दाखवली. "हीच. हीच लबाडी करत होती." वायर सांधली, वर टेप गुंडाळली. मास्तरांनी टाका बघावा तसं ते वाकून बघितलं आणि म्हणाले, "पक्कं केलंयस." त्या खेपेला दिवा आठवडाभर आला नाही. घरात कोणी दिव्याचं नाव काढेना, दृष्ट लागेल म्हणून. आणि मग तो पुन्हा आला.

मास्तरांना सगळ्यात जास्त त्रास याचा व्हायचा की गाडीला काही झालेलं दिसत नसे. ती धावत होती, थांबत होती, वळत होती. उसवलेली शिवण निदान दिसते तरी. इथं सगळं नीट आणि दिवा मात्र आहेच. दुकानात बसून काज करताना त्यांना तो डोळ्यांपुढं दिसे. गिऱ्हाईक काय सांगतंय ते ऐकू येत नसे. एका माणसाची पँट त्यांनी एवढी आखूड केली की तो माणूस आरशात बघून म्हणाला, "मास्तर, मला पोहायला नाही जायचंय."

दिवा तसाच असताना परीक्षेचा दिवस उजाडला. पान्या म्हणाला, गाडी चालतेय ना, मग त्यांना काय करायचंय.

परीक्षा घेणारी एक तरुण मुलगी होती, हातात पाटी, गळ्यात ओळखपत्र. मास्तरांनी खुर्ची पुढं घेतली, आरसा लावला, पट्टा बांधला. "सुरू करा," ती म्हणाली. किल्ली फिरवल्यावर पुढचे सगळे दिवे लागले आणि एकामागून एक विझले. एक राहिला. तिनं वाकून बघितलं.

"हा कधीपासून आहे?"

"आहे हो थोडे दिवस. पण गाडीला काही नाही. सगळं बदललंय."

"धोक्याचा दिवा लागलेल्या गाडीत मला बसता येत नाही, काका. नियम आहे. आजची परीक्षा रद्द होईल."

"एकदा फक्त चालवून दाखवू का? इथल्या इथं?"

"नाही हो. सॉरी." तिनं खरंच वाईट वाटल्यासारखं सांगितलं, आणि त्यामुळे तर मास्तरांना भांडताही येईना.

आत कचेरीत बाकावर बाई हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मास्तरांचे पाय ओढत येणं त्यांनी लांबूनच ओळखलं. "इतक्यात?" त्या म्हणाल्या. मास्तरांनी झालं ते सांगितलं. बाईंनी पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाल्या, "म्हणजे नापास नाही झालात."

"नापास झालो असतो तर बरं. निदान माझी चूक असती."

दुसऱ्या गाडीचा विचार केला नाही असं नव्हे. ड्रायव्हिंग स्कूलकडे बिनक्लचची एकच गाडी होती आणि तिच्यामागं मोठी रांग होती. पान्याच्या टेम्पोत क्लच दाबायचा तर मास्तरांचा डावा गुडघा लाकडासारखा अडे. शेजारच्या औषधवाल्यानं आपली गाडी देऊ केली आणि दुसऱ्या दिवशी, बायकोनं नको म्हटलं म्हणून, परत घेतली. फिरून फिरून घोडं त्या एका राखाडी गाडीवरच येऊन अडायचं.

पान्यानं आता गाडी आपल्याकडेच ठेवून घेतली. भंगारवाल्याकडून त्यानं तसल्याच गाडीची जाळी आणून बसवली. मास्तर रोज दुपारी दुकान बंद करून फाटक ओलांडून गॅरेजमध्ये जात आणि एका जुन्या टायरवर बसून राहत. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. फार तर ते पाना पुसून देत. एकदा पान्या गाडीखालून न निघताच म्हणाला, "दाजी, तुम्ही घरी जा ना. तुम्ही बसलात की माझे हात कापतात."

जाळी बदलल्यावर दिवा गेला आणि पुन्हा आला, पण आता पान्या त्याबद्दल फारसं बोलेना. विचारलं की तो हात पुसत राही.

परीक्षेची नवी तारीख आली. आदल्या दिवशी संध्याकाळी पान्या घरी आला. बाईंनी चहा केला. कपाच्या कडेला बोट लावून त्या चहा ओतत, म्हणजे किती भरला ते कळे. पान्या त्या बोटाकडे बघत बसला होता.

"एक मार्ग आहे," तो म्हणाला. "सकाळी मी आकडा पुसतो. दिवा लगेच येत नाही. एका फेरीत बिघाड दिसला तर गाडी मनात ठेवते, दुसऱ्या फेरीतही दिसला तर बोलते. आणि तपासायलासुद्धा तिला बराच वेळ एका वेगात पळावं लागतं. इथून परीक्षेच्या मैदानापर्यंत सगळे सिग्नल. तिला तपासायला सवडच मिळणार नाही. परीक्षा होऊन जाईल."

मास्तरांना वाटलं आता बाई भावाला झापणार. सगळ्या आयुष्यात बाईंनी कधी लाल सिग्नल तोडला नव्हता. व्हॅनमध्ये बसलेल्या मदतनिसानं पट्टा बांधला नाही तर गाडी हलवत नसत.

बाई म्हणाल्या, "पूस."

"अगं, पण ही फसवणूक झाली," मास्तर म्हणाले.

"दिवा काही तुमचं माप नाही. तुम्हाला चालवता येतं का, एवढंच त्यांनी बघायचं. येतं तुम्हाला. पूस रे पान्या."

सकाळी दिवा विझलेला होता. ती काळी काच इतकी साधी आणि स्वच्छ दिसत होती की मास्तरांना तिच्याकडे बघवेना. पान्या शेजारी, बाई मागं. पण पुलाजवळ येऊन बघतात तो रस्ता खणलेला. पाण्याची मोठी नळी फुटली होती आणि पोलीस सगळ्यांना बाहेरच्या हमरस्त्याकडे वळवत होता. पान्या खिडकीतून डोकं काढून त्याच्याशी बोलला. पोलिसानं नुसतं हातानं दाखवलं, तिकडून.

हमरस्ता म्हणजे सरळ, मोकळा, एका वेगाचा.

"हळू घेऊ का?" मास्तरांनी विचारलं.

"इथं हळू घेतलंत तर मागचे अंगावर येतील," पान्या म्हणाला. मास्तर वाहनांच्या रांगेत नीट अंतर ठेवून चालले होते. इतकं चांगलं त्यांनी आजवर कधी चालवलं नव्हतं, आणि त्याचाच त्यांना धसका बसत होता. मैदानात पोचल्यावर त्यांनी गाडी बंद केली, पान्या आणि बाई उतरले. ही झाली एक फेरी.

तीच तरुण मुलगी आली. किल्ली फिरली, दिवे लागले, विझले. सगळे विझले. "झाली वाटतं दुरुस्ती?" ती म्हणाली. मास्तरांनी मान हलवली. हो म्हणायला जीभ उचलली नाही.

आणि मग मास्तरांनी गाडी चालवली. चौकात थांबले, पादचाऱ्यांना जाऊ दिलं, चढावर गाडी मागं सरकू दिली नाही. भिंतीकडेला दोन गाड्यांच्या मधल्या जागेत त्यांनी ती मागे घेतली, खांद्याला बाही जोडावी तशी, ना ओढ ना चुणी. त्या मुलीनं पाटीवर खुणा केल्या. परतीच्या लांब रस्त्यावर तिनं पेनाला टोपण लावलं. आपण पास झालो, असं मास्तरांना वाटलं. बाईंना सांगताना काय शब्द वापरावेत याचा ते विचार करू लागले.

मैदानाचं फाटक समोर दिसत असताना दिवा लागला.

त्या मुलीचं लक्ष खिडकीबाहेर होतं. तिनं बघितला नव्हता. फाटक हाकेच्या अंतरावर. मास्तरांनी चाकावरचा हात जरा वर सरकवला, तर तो दिवा हाताआड झाकला जात होता. ते तसेच थोडं अंतर गेले. मग त्यांनी आरशात बघितलं, इशारा दिला, गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

मास्तरांनी हात खाली घेतला.

तिनं वाकून त्या दिव्याकडे बघितलं. "तुम्ही छान चालवलंत, काका," ती म्हणाली. "खरंच. पण आता मला इथून पुढं तुमची परीक्षा पुरी झाली असं लिहिता येणार नाही. तुम्ही थांबलात, हे बरोबरच केलंत." गाडीतून उतरून ती फाटकापर्यंत चालत गेली. मास्तर तिथंच बसून राहिले, इंजिन चालू ठेवून, कारण बंद केल्यावर काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

पान्या झपाझप चालत आला, मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाई. दोघं आत बसले. पान्यानं दिवा बघितला आणि कपाळ डॅशबोर्डला टेकवलं.

"दाजी, माझंच चुकलं," तो तसाच म्हणाला. "मला आधीपासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"इंजिनच तेल खातंय. आतून झिजलंय. ते तेल जळून धुरात जातं, जाळी बुजते. दुसरी घातली तरी बुजते. प्लग काढले तेव्हाच बघितलं मी, तेलानं काळे झाले होते. वायर सांधली, त्याच्या आधी. सेन्सर, झाकण, वायर... आभाळ फाटलं होतं आणि मी ठिगळं लावत बसलो."

"मग बोलला का नाहीस?"

पान्यानं डॅशबोर्डवरून कपाळ उचललं. मग म्हणाला, "कसं बोलू? ताईचे डोळे गेले. आता गाडीपण गेली, असं मी सांगायचं तिला? मला वाटलं, एखादं काहीतरी बदलल्यानं दिवा जाईल. जातो कधीकधी. लोकांच्या गाड्यांचा जातो."

मास्तरांना राग यायला हवा होता. ते रागावायला वळलेसुद्धा. पण तेल लागलेली ती मोठमोठी बोटं त्या माणसानं डोळ्यांवर दाबून धरली होती, आणि मास्तरांना नुसतं थकल्यासारखं झालं.

मागून बाई म्हणाल्या, "मला वास येत होता."

दोघं वळले.

"तेल जळाल्याचा. सकाळी गाडी सुरू केली की मागं यायचा. आमच्या पहिल्या व्हॅनचं असंच झालं होतं. मला वाटलं, तुमच्या हातात लायसन्स पडेपर्यंत टिकेल. मग गेली असती तरी चाललं असतं, दुसरी बघितली असती." त्या खिडकीकडे बघत होत्या, म्हणजे त्यांना दोघांचीही तोंडं दिसत असणार. "म्हणून पूस म्हटलं. मीच म्हटलं."

मागून एका शिकाऊ गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा मास्तरांनी गाडी पुढं घेतली.

इंजिन उघडून आतलं सगळं बदलण्याइतका त्या गाडीत जीव नव्हता. पान्यानं दोन-तीन ठिकाणी विचारून बघितलं, मग त्यानंही हात टेकले. गाडी काही दिवस गॅरेजच्या भिंतीला लागून उभी राहिली. शेवटी भंगारवाल्याचा माणूस साखळी घेऊन आला. गाडी नेण्याआधी बाईंनी आतली खुर्ची हातानं झाडली, आरशाला लटकवलेली चिंधी सोडवली आणि दारावर एकदा थाप मारली, व्हॅनमध्ये सामान भरून झालं की मारायच्या तशी. साखळीला बांधलेली गाडी गेली. त्यांना ती कोपऱ्यापर्यंत दिसली का, हे मास्तरांनी विचारलं नाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या रांगेत मास्तरांचं नाव आहे. मधल्या काळात त्यांच्या शिकाऊ लायसन्सची मुदत संपेल, मग ते पुन्हा काढावं लागेल, आणि तोवर गुडघा आहे त्यापेक्षा बरा होणार नाही हे त्यांना कळतं. इंजेक्शनच्या पुढच्या खेपेला डॉक्टरांनी डावा डोळा तपासून झाल्यावर यंत्र बाजूला केलं आणि सांगितलं की या डोळ्यात आता इंजेक्शन देऊन उपयोग नाही. उजव्याचं चालू ठेवू. बाईंनी विचारलं, "उजव्याचं किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. त्यांनाही खरंच येत नव्हतं.

परत येताना त्या उघड्या थांब्यावर दोघं बाकावर बसले. वारा सुटला होता. बाईंना तहान लागली होती, पण त्यांनी पाणी मागितलं नाही आणि मास्तर उठलेही नाहीत. बस लांबून येताना दिसली तेव्हा मास्तरांनी त्यांचा दंड धरायला हात पुढं केला, आणि मागं घेतला. मग स्वतःचं कोपर त्यांच्या पुढ्यात धरलं.

"हे काय?" बाईंनी हातानं चाचपत विचारलं.

"कोपर आहे माझं. तू धर."

त्यांनी धरलं. पायरी उंच होती. आधी मास्तर लंगडत चढले, मग त्यांच्यामागं बाई. बसायला जागा नव्हती. दोघं दांड्याला धरून उभे राहिले आणि बस सुटली.